अकरा वाजता या

"आत्ता नाही देणार, मादाम. अकरा वाजता या."

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या नीस शहरात राहायला आल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात एका बेकरीतल्या बाईंनी मला असं परत पाठवलं होतं. सकाळचे नऊ वाजले होते. भरून तयार असलेले दहा-बारा पाँ बान्या, म्हणजे इथली गोल पावाची सँडविचं, मागच्या ओट्यावर मला स्वच्छ दिसत होते. आम्हाला गाडीने विलफ्रांशच्या समुद्रावर जायचं होतं, लेक हात ओढत होता आणि मी पैसे काढून उभी होते. बाई म्हणाल्या, "हा अजून भिजलेला नाही. आत्ता तो नुसता पाव आणि आत भाजी."

तेव्हा मला राग आला होता. गिऱ्हाईक दारात उभं, माल समोर तयार, आणि विकायचा नाही म्हणजे काय? स्टेशनाजवळ मिळालं ते सँडविच घेतलं आणि गेले. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. पुढच्या शनिवारी मुद्दाम अकराला गेले. तेव्हापासून हा तिसरा उन्हाळा. मे ते सप्टेंबर, पंधरा दिवसांतून एकदा तरी मी त्या काउंटरसमोर असते. नीसला येणारे ओळखीचे लोक मला "तिथलं काय खायचं?" असं विचारतात आणि मी पाँ बान्या म्हटलं, की किनाऱ्यावरच्या पहिल्या टपरीवर जाऊन खातात नि "ठीक होतं" म्हणतात. ठीक नसतं ते. म्हणून या दुकानाबद्दल नीट लिहिते आहे.

दुकानाला नाव असं नाही. गारिबाल्दी चौकातून बंदराकडे उतरताना एका आडगल्लीत ते आहे आणि पाटीवर फक्त 'बुलाँजरी', म्हणजे पावाची बेकरी, एवढाच शब्द. पण फ्रान्समध्ये या शब्दाला वजन आहे. १९९८च्या कायद्याप्रमाणे पीठ मळण्यापासून पाव भाजण्यापर्यंत सगळं जिथे होतं आणि जिथे कुठल्याही टप्प्यावर काही गोठवलं जात नाही, त्याच दुकानाला ही पाटी लावता येते. बाहेरून भाजलेला पाव आणून विकणाऱ्याला हा शब्द वापरता येत नाही. या पदार्थात अर्धी करामत पावाची असते, त्यामुळे मला ही पाटी पुरते.

नीसच्या बोलीत पाँ बान्या म्हणजे भिजलेला पाव. मुळात गरिबांचं, कोळ्यांचं, कष्टकऱ्यांचं दुपारचं जेवण. कडक झालेला शिळा पाव टाकायचा नाही, तर टोमॅटोचा रस आणि ऑलिव्ह तेल पाजून पुन्हा खाण्याजोगा करायचा. आपल्याकडे कालच्या पोळ्या कुस्करून फोडणीची पोळी करतात, तशीच ही काटकसर. पुढे त्याला छान गोल ताजा पाव मिळाला, पण भिजवणं राहिलं, आणि तेच त्याचं नावही आहे. आतलं सारण म्हणजे जवळपास नीसचं प्रसिद्ध सॅलड: टोमॅटो, मुळ्याच्या चकत्या, पातीचा कांदा, हिरवी मिरची (तिखट नव्हे, लांबट गोडसर), उकडलेलं अंडं, अँचोव्ही (लहान खारवलेला मासा) किंवा ट्यूना, बारीक काळी ऑलिव्ह, बेसिल. वसंतात कोवळे आर्टिचोक (कमळाच्या कळीसारखी दिसणारी भाजी) आणि फाव्हाच्या शेंगांचे कोवळे दाणे, दोन्ही कच्चेच. उकडलेला बटाटा नाही, उकडलेली फरसबी नाही आणि मेयोनीज तर नाहीच. इथले जुने लोक याबाबत फार काटेकोर आहेत. अस्सल कृती जपण्यासाठी शहरात या पदार्थाच्या नावाचं एक मंडळसुद्धा आहे.

माझ्या या दुकानातला पाव साधारण अठरा सेंटीमीटर रुंद, चपटा गोल, पाठ चिवट आणि आतला गाभा जाळीदार. बाई तो आडवा कापतात, पण पूर्ण नाही. एका कडेला बिजागरीसारखा जोड ठेवतात. लसणाची पाकळी अर्धी करून ती कडक कडेवर घासतात. गाभ्यावर नाही, कडेवर. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "गाभ्याला लसूण लावला तर दुपारपर्यंत दुसरं काही लागणार नाही." मग दोन्ही बाजूंना तेल, सढळ हाताने. त्यानंतर टोमॅटो, आणि तोही दोन्ही बाजूंना, पावाला चिकटून. मीठ फक्त टोमॅटोवर. मासा आणि अंडं मधोमध. बेसिल हाताने तोडून. व्हिनेगरचे चार थेंब त्या टाकतात. त्यावरून इथे घराघरांत वाद आहेत आणि माझं मत थेंबांच्या बाजूने आहे, कारण तेलाचा जडपणा त्याने कमी होतो.

ऑलिव्ह कायतिए जातीची, करवंदाहून लहान, किंचित कडवट. 'ऑलिव्ह द नीस' या नावाला २००१ मध्ये भौगोलिक संरक्षण मिळालं, ती हीच. तुम्ही सुपरमार्केटमधली काळीकुळकुळीत, बिया काढलेली डब्यातली ऑलिव्ह खाल्ली असतील तर ही चव वेगळी आहे हे पहिल्या घासालाच कळतं.

आता त्या दोन तासांबद्दल. भरलेला पाव कागदात घट्ट गुंडाळून भट्टीच्या ट्रेमध्ये एकाला एक चिकटवून ठेवतात. वर दुसरा ट्रे पालथा, आणि त्यावर पिठाच्या पिशव्या. मागच्या गार खोलीत हे सगळं निवांत पडून असतं. आत काय होतं ते बघण्यासारखं आहे. मीठ लागलं की टोमॅटोला पाणी सुटतं. वरून भार असल्यामुळे ते पाणी इकडेतिकडे न जाता गाभ्यात शिरतं, आणि जाताना तेल, अँचोव्हीचा खारटपणा, बेसिलचा वास सोबत घेऊन जातं. गाभ्यातली हवा निघून जाते, पाव निम्म्या उंचीचा होतो, सारण एकमेकांत रुततं. पाठ मात्र चिवट राहते, म्हणून रस बाहेर येत नाही. नऊ वाजता खाल्ला तर अंड्याची चकती एकीकडून आणि मुळा दुसरीकडून घसरतो, प्रत्येक घास वेगळा लागतो. अकराला तोच पाव एकजीव झालेला असतो. चावा घेतला की सुरीने कापल्यासारखा स्वच्छ तुकडा निघतो, सांडत काही नाही.

दुकान ओळखायची माझी खूण म्हणूनच ही: तुमच्या डोळ्यांसमोर ताजा भरून लगेच हातात देत असतील, तर तिथे घेऊ नका. बाकी सगळ्या खाण्यात आपण ताजं मागतो, इथे मागायचं नाही. विचारायचं, "सकाळी केलेला आहे का?" कागदावर तेलाचा नाण्याएवढा डाग दिसला तर उत्तम. कागद सगळाच ओला असेल तर कालचा आहे.

किनाऱ्यावरच्या एका ठिकाणी मी ९ युरो देऊन जे खाल्लं त्यात लेट्यूसची पानं, मक्याचे दाणे, मेयोनीज होतं आणि पाव बर्गरचा, गोडसर मऊ. वर त्यांनी तो पानिनीच्या तापलेल्या यंत्रात दाबून दिला. दाबून म्हटलं की बऱ्याच जणांना हेच यंत्र आठवतं, म्हणून स्पष्ट सांगते: पाँ बान्या थंडच दाबतात. गरम केल्यावर टोमॅटो शिजतो, बेसिल काळं पडतं, अंडं रबरासारखं होतं आणि कच्च्या भाज्यांचा करकरीतपणा संपतो. गरम दाबलेलं सँडविच चांगलं असू शकतं, पण तो पदार्थ वेगळा.

नीसच्या पर्यटन खात्याची 'क्विझीन निसार्द' म्हणून एक मान्यता आहे, पारंपरिक पद्धतीने रांधणाऱ्या रेस्टॉरंटांना देतात. कुठे बसून जेवायचं असेल तर दारावर ती खूण बघावी. या बेकरीत बसायला खुर्चीही नाही, सगळं घेऊन जायचं.

किंमत ७.५० युरो. दोन वर्षांपूर्वी ६.५० होती. मला आणि दहा वर्षांच्या लेकाला, सोबत चार जर्दाळू असले, तर एकात दुपार निघते. नवरा असला तर दोन घ्यावे लागतात.

दुकानात खटकणाऱ्या गोष्टी आहेत, त्याही लिहिते. ऑलिव्हच्या बिया त्या हाताने काढतात आणि एखादी राहून जाते. पहिल्या वर्षी माझ्या दाताखाली आली, चांगलीच कळ गेली. लहान मुलाला देताना मी आता पाव उघडून बोटाने चाचपते. हे गिऱ्हाइकाने करावं लागू नये. अंडं कधीकधी जास्त उकडलेलं असतं, पिवळ्याभोवती करडी कड येते. त्याने अपाय होत नाही, पण चव कोरडी लागते. कार्ड १० युरोच्या वर चालतं, म्हणजे एकच पाव घ्यायचा तर सुटे पैसे हवेत. साडेबारापर्यंत सगळं संपतं. सोमवारी बंद.

आणि ऑगस्ट. त्या महिन्यात बाई सुट्टीवर जातात आणि त्यांचा मदतनीस मुलगा दुकान बघतो. मुलगा गुणी आहे, हात चांगला आहे, पण कुणी नऊ वाजता मागितलं तर तो देतो. गेल्या ऑगस्टमध्ये रांगेत माझ्यापुढे सहा जण होते, सगळ्यांनी साडेनऊला घेतले आणि चौकातच उघडून खाल्ले. मला वाईट वाटलं. त्यांनी पैसे पूर्ण दिले आणि पदार्थ अर्धा खाल्ला. त्या दिवशी मीही घेतला, पण घरी नेला आणि राहिलेलं काम स्वतः केलं.

तिथूनच मी घरी करायला लागले. हिवाळ्यात हे दुकान पाँ बान्या करतच नाही. ऑक्टोबर ते एप्रिल टोमॅटोत रस नसतो, मग भिजवायचं कशाने, असा बाईंचा साधा हिशेब. मी एप्रिलमध्ये धीर न धरवून एकदा केला आणि त्यांचं म्हणणं खरं निघालं. टोमॅटो फिकट, पाव कोरडा, तेल ओतून ओतून मी तो तेलकट केला.

घरचं वजन ठरवायला मला बराच वेळ लागला. इथे पाण्याच्या बाटल्या दीड लिटरच्या असतात, म्हणजे एक बाटली दीड किलो. एक बाटली आडवी ठेवली तर ती लोळते आणि पाव एकाच बाजूने दबतो. सहा बाटल्यांचा पुडा ठेवून पाहिला, नऊ किलो. अर्ध्या तासात टोमॅटोचा सगळा रस ताटलीत, पाव लगद्यासारखा. शेवटी दोन बाटल्या जमल्या. पाव कागदात गुंडाळायचा, त्यावरून स्वच्छ फडकं घट्ट बांधायचं, वर लाकडी पाट किंवा कापायची फळी, आणि त्यावर दोन बाटल्या. फळी मध्ये हवीच, तिने भार सगळीकडे सारखा पोचतो. फ्रिजमध्ये तासभर एका बाजूने, मग उलटा करून आणखी तासभर. उलटायला विसरू नका. नाहीतर खालची बाजू लिबलिबीत आणि वरची कोरडी राहते. रात्रभर ठेवलेलाही मला चालतो, पण मग मुळा आणि मिरची जाड चिरायची, म्हणजे सकाळी त्यांच्यात थोडा कुरकुरीतपणा उरतो.

पाव कुठला घ्यायचा, हा खरा प्रश्न. अगदी मऊ असेल तर विरघळतो. बागेट, म्हणजे लांब दांड्यासारखा फ्रेंच पाव, चालतो का, विचाराल, तर बागेटचा गाभा कमी आणि कवच फार. कवच दाबल्यावर फुटतं आणि फटीतून रस गळतो. चपटा गोल पाव, एक दिवस शिळा, हे सगळ्यात बरं. गाभा फार जाड असेल तर वरच्या अर्ध्यातला थोडा काढून टाकते, सारणाला खळगा होतो. काढलेला गाभा वाया घालवत नाही, तेलात परतून सूपमध्ये टाकते.

टोमॅटो जुन्या नीसमधल्या कूर सालेया चौकाच्या बाजारातून, म्हणजे मंगळवार ते रविवार. सोमवारी तिथे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. निवडताना अगदी पिकलेले, बोटाने दाबले तर खड्डा पडेल असे. कडक टोमॅटोचे काप सुंदर दिसतात, पण रस देत नाहीत.

मागच्या जूनमध्ये सासूबाई महिनाभर आल्या होत्या. त्या अंडं-मासे खात नाहीत. मी बेकरीत विचारलं, मासा आणि अंडं न घालता द्याल का? बाईंनी हातातली सुरी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मग तो पाँ बान्या नाही." मी गप्प राहिले. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, कुणासाठी? सासूबाईंसाठी म्हटल्यावर म्हणाल्या, आदल्या संध्याकाळी फोन करा. दुसऱ्या दिवशी वेगळ्या कागदातला पाव मिळाला, वर पेन्सिलीने 'भाजीचा' लिहिलेलं. अँचोव्हीचा खारटपणा भरून काढायला ऑलिव्ह दुप्पट घातली होती आणि आर्टिचोकचे कागदासारखे पातळ काप, लिंबू लावलेले. वेगळी सुरी आणि वेगळी फळी वापरली, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. पैसे तेवढेच घेतले, आणि ते बरोबरच होतं. सासूबाईंनी अर्धा खाल्ला आणि उरलेला संध्याकाळी मागून घेतला. "अगं, मुरलाय छान," असं म्हणाल्या. मला इतके दिवस नेमका शब्द सापडत नव्हता, तो त्यांनी सहज दिला. भिजलेला नाही, मुरलेला.

त्या दिवशी आम्ही किल्ल्याच्या टेकडीवर गेलो होतो. किल्ला १७०६ मध्येच पाडला गेला, आता वर बाग आणि सावली आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण पायथ्याशी फुकट लिफ्ट आहे, त्यामुळे अडचण आली नाही. या टेकडीवरून रोज दुपारी बारा वाजता तोफेचा बार होतो. सर थॉमस कॉव्हेन्ट्री नावाच्या स्कॉटिश पाहुण्याने १८६०च्या दशकात ही प्रथा सुरू केली. बायको गप्पांत रमून जेवायला उशिरा येई, म्हणून वेळ कळावी यासाठी, असं सांगतात. आमचा नियम ठरलेला आहे: अकराला बेकरी, बाराच्या बाराला कागद सोडायचा. सासूबाई पहिल्यांदा दचकल्या, मग रोज घरातसुद्धा बाराची वाट बघायला लागल्या.

समुद्रावर न्यायचा असेल तर उन्हाचा विचार करा. अंडं आणि मासा आत आहे. मी गारवा धरणाऱ्या पिशवीत बर्फाची पट्टी टाकून नेते आणि बाहेर काढल्यावर लगेच खातो. जुलैच्या उन्हात दोन तास उघड्यावर राहिलेला मी टाकून दिलेला आहे. नीसचा किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा. लेक पिशवीतल्या पुडक्यावर एक चपटा गोटा ठेवतो, "अजून थोडा दाबू दे" म्हणून. त्याला तो गोटा घरी न्यायचा असतो, पण इथल्या किनाऱ्यावरचे गोटे उचलून न्यायला कायद्याने मनाई आहे, त्यामुळे दर वेळी तो परत पाण्याच्या कडेला ठेवून येतो.

गेल्या सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी गेले तेव्हा ट्रेमध्ये चारच उरले होते. घड्याळात पावणेअकरा. मी दोन मागितले. बाईंनी वरची पिशवी उचलली, एक पाव हातात घेऊन अंगठ्याने दाबून पाहिला आणि परत ठेवला. "पंधरा मिनिटं," म्हणाल्या. मी बाहेर पायरीवर बसले.